आमच्या अंगणाखालचं स्टेशन

भर दुष्काळात आमच्या गल्लीला पाणी लागल्याची बातमी पहिल्यांदा मी दिली. बातमी खोटी होती. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी नारळही फोडला.

आमच्याकडं दुष्काळांना सालं लावत नाहीत. थोरलीच्या दहावीचा दुष्काळ, जिना अर्धा राहिला तो दुष्काळ, अशी घरोघरची मोजदाद असते. हा जिन्याचा. नळ दहा दिवसांनी यायचा, तोही आल्यासारखं करून जायचा. औरंगपुऱ्याच्या मागं आमची गल्ली. रुंदी दोन स्कूटर आणि एक भांडण मावेल एवढी. टँकर आत शिरत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली उभा राहतो आणि बायका हंडे-कळशा घेऊन तिथवर जातात.

त्या लिंबाखाली एकदा सकाळी दहाच्या सुमाराला तीन पायांचं लोखंडी यंत्र उभं राहिलं आणि त्याचा दांडा गरगरत जमिनीत जाऊ लागला. दुष्काळात आमच्या भागात जमिनीत लोखंड जाताना दिसलं की बघणाऱ्याच्या डोक्यात बोअरशिवाय दुसरं काही येत नाही. यंत्रवाल्यांना कोणी काही विचारलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात हंड्यांची रांग लागली. आणि मग त्या भोकातून राखेच्या रंगाचं पाणी भळाभळा वर आलं.

“लागलं! पाणी लागलं!” मी ओरडलो. गल्लीत पेपर सगळ्यात आधी माझ्या घरी पडतो, म्हणून अशा बाबतीत पुढारपण आपोआप माझ्याकडं येतं. मी धावत घरात गेलो. आमच्या वडिलांची एक पद्धत होती. नव्या बोअरला पाणी लागलं की नारळ फोडायचा आणि घरातलं पाणी त्यावर ओतायचं. पाण्याला पाणी भेटवायचं, म्हणायचे. मी देवापुढचा नारळ घेतला आणि फडकं बांधून ठेवलेली पिण्याची कळशी उचलली. घरातली ती शेवटची कळशी होती. ती यंत्राच्या पायावर ओतली, नारळ लोखंडावर फोडला, आणि दांड्याला हळद-कुंकू लावायला वाकलो तेव्हा यंत्रावरच्या दाढीवाल्या मिस्त्रीनं माझा हात धरला.

“चचा, रुको जरा. पानी-वानी कुछ नै लगा. वो पीछे टँकर दिखरा? उसका पानी हमनेच अंदर डाला, हमाराच वापस आरा. दांडा गरम होता ना, ठंडा रखने कू.”

लिंबाच्या मागं खरोखरच टँकर उभा होता. गल्लीला चार दिवस टँकर नव्हता, आणि यंत्राला स्वतःचा होता.

बायकांनी रिकामे हंडे उचलले, तेवढाच आवाज झाला. मग टोपी घातलेले एक साहेब पुढं आले. माझ्या हातातलं खोबरं त्यांनी प्रसाद म्हणून घेतलं, चावत चावत सांगितलं, “काका, ही जमिनीची तपासणी आहे. शहरात भुयारी रेल्वे होणार. तिचं एक स्टेशन बरोबर इथं, खाली.” आणि हातातल्या पेनानं त्यांनी जी जागा दाखवली ते आमचं अंगण होतं.

दुपारपर्यंत यंत्रानं अख्खा टँकर पिऊन संपवला आणि त्या बदल्यात जमिनीतून लाटण्याएवढ्या काळ्या दगडाच्या कांड्या काढून दिल्या. त्या लाकडी पेटीत ओळीनं मांडल्या, पेटी गाडीत ठेवली आणि मंडळी गेली. जाताना आमच्या अंगणाच्या भिंतीवर लाल रंगाचा एक बाण काढून गेली. बाणाचं टोक खाली.

बायको दारात रिकामी कळशी घेऊन उभी होती.

“आता प्यायचं काय?” तिनं विचारलं.

मला लाज वाटली. ती संध्याकाळपर्यंतच टिकली. कारण तोवर मी त्या स्टेशनच्या प्रेमात पडलो होतो.

याला माझं गाव जबाबदार आहे. मी लासूर स्टेशनचा. आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे, त्यामुळं ज्यांच्या गावात गाडी थांबत नाही ती माणसं आम्हाला उघड्यावर राहिल्यासारखी वाटतात. वडील मोंढ्यात धान्य तोलायचे. दुपारची गाडी वाजली की आई तवा चुलीवर ठेवायची, आणि वडील हात झटकून घराकडं निघायचे. घड्याळ आमच्याकडं शोभेला होतं. त्या गावातून उठून मी शहरात आलो, तर इथलं स्टेशन घरापासून रिक्षानं जायच्या अंतरावर! गाडीची शिट्टी ऐकू येत नाही अशा घरात मी संसार केला. आता साक्षात अंगणाखाली गाडी थांबणार म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं अवघड होतं. पाहुण्यांना निरोप देताना मी सांगू लागलो, “पुढच्या वेळी रिक्षा करू नका. थेट आमच्या दारात वर निघा.”

दर दिवाळीला भिंतीला चुना लागायचा. मी रंगाऱ्याच्या मागं उभा राहून बाण तेवढा राखायचो.

आणि याच अंगणात बायकोला हौद हवा होता.

तिचं म्हणणं साधं होतं. नळाला जोर नाही. पाणी छतावरच्या टाकीत चढत नाही, पण जमिनीखालच्या हौदात आपसूक पडेल. टँकरचा पाइपही लिंबापासून अंगणापर्यंत पोचतो, छतापर्यंत नाही. म्हणजे हौद झाला तर तिचे हंडे सुटले. दहा दिवसांचं पाणी एकदा भरलं की भरलं. तिनं खडूनं चौकोनसुद्धा आखला होता, बाणाच्या बरोबर खाली.

“अगं, तिथं स्टेशन येतंय,” मी म्हणालो.

“किती खोल येतंय?”

“पाच-सहा पुरुष तरी.”

“आन हौद?”

“एक पुरुष.”

“मग हौदाचं त्या स्टेशनला काय होतंय?”

“उद्या गळून प्रवाशांच्या डोक्यावर पाणी पडलं तर?” असं मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो.

बायको वेरूळजवळच्या खेड्यातली. तिच्या माहेरच्या माणसांनी मेंढरं राखली, जमिनी कसल्या, दुष्काळात रोजगार हमीवर दगड फोडले. बोलण्यात तिला काटकसर आवडते. ती म्हणाली, “आमच्याकडं लोकांनी वरून खाली अख्खा डोंगर कोरून काढला. तुम्हाला चार हात अंगण खोदवंना.”

तिनं ओलं फडकं फिरवून खडूचा चौकोन पुसला. दुसऱ्या वर्षी परत आखला.

आता या स्टेशनचा इतिहास सांगतो. तो माझ्याइतका तपशिलात कोणाला माहीत नाही. त्यात मोठेपणा काही नाही. दुसऱ्या कोणाला तेवढा रिकामा वेळ नव्हता.

पहिल्यांदा स्टेशनबद्दल नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या. एका थंडगार सभागृहात मोठा नकाशा लावला होता. प्रत्येक खुर्चीवर सीलबंद पाण्याची बाटली. बाहेर शहरात माणसं टँकरमागं पळत होती आणि आत खुर्च्यांना पाणी मिळत होतं. साहेब लाल उजेडाची काडी नकाशावर फिरवत होते. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “खालून जुनी नहर जाते, तिचं काय करणार?” नहर म्हणजे काही शतकांपूर्वी डोंगराच्या पायथ्यापासून शहरात जमिनीखालून पाणी आणलं होतं ते. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. साहेब म्हणाले, “तो विषय आमच्या कक्षेत येत नाही.” बरोबरच होतं. ज्यांना भुयार खोदता येत होतं त्यांनी त्यातून पाणी आणलं. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या कक्षेत तो विषय कसा येणार!

मीही उभा राहिलो. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच. मी विचारलं, “स्टेशनच्या पायऱ्या कुठल्या बाजूला निघणार?” साहेब म्हणाले, “अतिशय चांगला प्रश्न. नोंद घेतो.” त्यांच्या हातात कागद नव्हता. मी मात्र छाती फुगवून घरी आलो, येताना आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या चार बाटल्या पिशवीत घालून. बायकोनं त्या ओळीनं ओट्यावर मांडल्या आणि म्हणाली, “चला, स्टेशननं पाणी तरी दिलं.”

पुढचं प्रकरण नावाचं. स्टेशनची एक वीट रचली नव्हती, पण त्याला नाव काय द्यायचं यावर गल्लीत दोन तट पडले. समोर राहणारे टेलर म्हणाले, लिंबाचं नाव द्या. कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले म्हणाले, लिंब उद्या पडेल, गिरणीचं द्या. मी टेलरना सांगितलं, “लिंब पडणारच, त्याच्याच मुळाशी स्टेशन खोदायचंय.” त्यांना ते लागलं. माझी पँट त्यांच्याकडं शिवायला होती, ती दीड महिना तिथंच राहिली. एक पाय शिवलेला, एक उघडा. भाच्याच्या लग्नाला मी जुनी पँट घालून गेलो. भुयारी रेल्वेमुळं या शहरात कोणाचं काही नुकसान झालं असेल तर ते एवढंच.

मग बातमी आली की रेल्वे भुयारातून जाणार नाही, खांबांवरून जाणार. आमचं स्टेशन एका दिवसात पाताळातून आकाशात गेलं. मी मान खाली घालून बघायचो तो आता वर बघू लागलो. गच्चीवरची दोरी काढू का, असं मी बायकोला विचारलं. तिनं ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि खाली गेली. काही महिन्यांनी खांब रद्द झाले, रेल्वे रस्त्यावर उतरली. मग तिची बस झाली. मग परत भुयार. प्रत्येक वेळी नवा नकाशा, नवा रंग, नवी कंपनी, आणि पेपरात हसऱ्या माणसांचा तोच फोटो. मी सगळी कात्रणं आणि सभागृहात वाटलेले नकाशे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेलो. डबा भरला, तेव्हा दुसरा आणला.

दरम्यान शहर वाढत होतं. ज्या शेतात आम्ही हुरडा खायला जायचो तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या फाटकावर कारंजी लागली आणि मागच्या दारानं टँकर येऊ लागले. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. नळाचा वार तेवढा कायम राहिला. भिंतीवरचा आमचा बाणही.

मग पुढचा दुष्काळ आला. आमच्या घरात तो ‘हाताचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो.

दुपारी बाराचा टँकर होता. सांडलेल्या पाण्यानं गल्लीतली फरशी बुळबुळीत झाली होती. बायको कमरेवर हंडा घेऊन येत होती, तिचा पाय सरकला. हंडा सोडायचा नाही म्हणून तिनं एक हात त्याला धरून ठेवला आणि दुसरा खाली टेकला. जो टेकला तो मनगटात मोडला. मी धावत गेलो तेव्हा ती फरशीवर बसून हंड्यात किती उरलंय ते बघत होती.

दीड महिना प्लास्टर. पाण्याचं काम माझ्याकडं आलं. हंडा रिकामा असतानाही बऱ्यापैकी जड असतो, हे मला पंचवीस वर्षांच्या संसारानंतर कळलं. भरल्यावर तो कमरेवर बसत नाही, कारण पुरुषांना तशी कंबर नसते. डोक्यावर ठेवायची माझी हिंमत नव्हती. मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पाय फाकवून चालायचो. गिरणीवाले दुकानातून म्हणायचे, “या या, हळू. कितवा महिना?” तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली.

बायको अंगणात बाजेवर बसून सगळं बघायची. हौदाचा ‘ह’ तिनं काढला नाही. त्या वर्षी खडूचा चौकोनही आखला नाही. उजव्या हाताला प्लास्टर होतं म्हणून आखला नाही, अशी मी माझी समजूत घालत होतो. एकदा तिचा भाऊ फोनवर म्हणाला, “आक्का, गावाकडं चल. आपल्या विहिरीला अजून पाणी हाय.” ती म्हणाली, “पिशवी भरते. परवा न्यायला ये.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “पुन्हा यायचं की नाय ते तिथं जाऊन बघते.”

हे ती चिडून म्हणाली नव्हती. चिडून म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो.

त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. टँकरच्या रांगेत सगळी गल्ली असायची, टेलर कधीच नसायचे. मी त्यांना गाठलं.

“तुम्ही पाणी कुठून भरता?”

“हौदातून,” ते म्हणाले. त्यांच्या शिलाई मशीनखालची लाकडी फळी त्यांनी पायानं सरकवली. खाली गार, काळं पाणी होतं. “चार वर्षं झाली.”

“पण तुमच्याही खालून लाइन जाते! कोणी अडवलं नाही? विचारलं नाही?”

“मी कोणाला विचारलं?” टेलर म्हणाले आणि मशीन चालू केलं.

कोणाला न विचारता एखादी गोष्ट करण्याइतका मी धाडसी नाही. मी बिस्किटांचे दोन्ही डबे काखेत घेऊन रेल्वे योजनेच्या कचेरीत गेलो. म्हटलं, स्टेशनच्या जागेत हौद खोदायची परवानगी पाहिजे. खिडकीतल्या बाईंनी दोन कपाटं उघडली, एक रजिस्टर उलटं-सुलटं केलं, आतल्या माणसाला हाक मारली. तो बाहेर आला. “कुठलं स्टेशन?”

“भुयारी.”

“भुयारी? आपल्याकडं?”

मी डबा उघडला. नकाशे टेबलावर पसरले. भुयारातलं, खांबांवरचं, परत भुयारातलं. तो एकेक उचलून बघत गेला. बाई उठून त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. कचेरीतले आणखी दोघे आले. सगळ्यांनी फार आवडीनं बघितले. शेवटी तो आदरानं म्हणाला, “काका, आमच्याकडं यातलं काहीच नाही हो. एक झेरॉक्स देता का?”

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी त्यांना सगळ्याची झेरॉक्स काढून दिली. एवढ्या वर्षांत त्या स्टेशनचं जे काही काम झालं असेल ते मीच केलं होतं.

मेहुणा आक्काला न्यायला आला तो मी त्याला दारातच अडवला. “पहार आहे का गावाकडं?” तो म्हणाला, “दाजी, पहारी तीन हायेत. पण खोदायला माणूस लागतो.” दुसऱ्या दिवशी तो पहारी, घण आणि टिकाव घेऊन आला. बायकोनं भरलेली पिशवी रिकामी केली नाही. उचलून खुंटीला अडकवली आणि डाव्या हातानं खडूचा चौकोन आखला. वाकडा आला. तसाच खोदला.

दोन हातांवर काळा दगड लागला, त्या पेटीत पाहिलेला तोच. बारा दिवस आम्ही तो फोडला. आम्ही म्हणजे मेहुणा. मी पाट्या उचलायचो आणि चहाला हाक मारायचो. हौद झाला, आतून गिलावा झाला, नळाच्या पाळीला करंगळीएवढ्या धारेनं भरला. त्याच सुमाराला बायकोचं प्लास्टर निघालं. तिनं झाकण उघडून आत बघितलं, परत लावलं. खुंटीवरची पिशवी उतरवून लुगडी कपाटात ठेवली. मग बादली-फडकं घेऊन आली आणि भिंतीवरचा लाल बाण घासायला लागली. निम्मा गेला. निम्मा चुन्यात मुरला होता.

त्यानंतर आठच दिवसांनी लिंबाखाली परत यंत्र आलं. तीन पायांचंच, पण रंग नवा. कंपनी नवी, साहेब नवे. टेलर स्वतः त्यांना घेऊन आमच्या दारात आले. या वेळी यंत्राचा टँकर शहरात कुठंच मिळाला नव्हता, आणि टेलरनी स्वतःच्या मशीनखालची फळी न हलवता आमच्या हौदाची माहिती त्यांना दिली होती.

“काका,” साहेब म्हणाले, “चार ड्रम पाणी मिळेल का? भुयारी रेल्वेचं स्टेशन होतंय. बरोबर तुमच्या अंगणाखाली.”

आता खरं सांगतो. माझ्या कानात परत शिट्टी वाजली. तीच दुपारची गाडी, तोच आईचा तवा. मी म्हणालो, “बसा ना. पायऱ्या कुठल्या बाजूला निघतायत?” साहेब म्हणाले, “चांगला प्रश्न आहे.” मी “घरात विचारून आलो” म्हणून आत वळलो आणि बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात देवापुढचा नारळ होता. तो मी कधी उचलला, मला आठवत नाही.

बायको हौदाच्या झाकणावर बसून गवार मोडत होती. ती उठली नाही.

“त्यांना प्यायला हवं असंल तर तांब्याभर द्या,” ती म्हणाली. “लई ऊन हाय. यंत्राला एक थेंब नाय. आन तो नारळ जिथला तिथं ठेवा.”